शॉक उपचार (ईसीटी)

शॉक उपचार हा तीव्र नैराश्यावरचा एक जुना आणि आजही अत्यंत परिणामकारक उपाय आहे. रुग्णाला भूल देऊन मेंदूतून काही सेकंद मोजकी वीज सोडतात आणि आकडी आणतात. बोलीत ‘शॉक’ हेच नाव रुळले आहे, पण गुण येतो तो आकडीने. वीज ती सुरू करून देते एवढेच.

१९३८ साली रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी या इटालियन डॉक्टरांनी हा उपचार प्रथम वापरला. तेव्हा भूल नसे, झटक्यांनी हाडेही मोडत. हिंदी सिनेमाने तेच दृश्य लोकांच्या मनात पक्के केले. भारतात २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने भूल आणि स्नायू सैल करणारे औषध यांशिवाय शॉक देण्यास बंदी घातली.

राज्याची जुनी चार मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीत. त्यामुळे निफाड-सिन्नरकडून नाशिकला आणलेल्या रुग्णाच्या घरच्यांसमोर डॉक्टरांनी शॉकचे नाव काढले, की ‘म्हणजे ठाण्याला टाकायचं का?’ हा प्रश्न येतो. तशी गरज नसते. भूलतज्ज्ञ, प्राणवायू आणि यंत्र असलेल्या साध्या रुग्णालयातही हा उपचार होतो.

रुग्णाला सकाळी उपाशीपोटी आणतात. दातांमध्ये रबरी ठोकळा, कपाळाच्या बाजूंना जेल. एका घोट्यावर रक्तदाबाचा पट्टा आधीच फुगवलेला असतो, म्हणजे सैल करणारे औषध त्या पावलात उतरत नाही. बाकी शरीर जवळजवळ निश्चल, आणि त्या एका पायाची बोटे तेवढी थरथरत राहतात; डॉक्टर त्यांच्याकडे बघत सेकंद मोजतात. आकडी बहुधा मिनिटभरात थांबते. आठवड्यातून दोन-तीनदा, असे एकूण ६ ते १२ शॉक लागतात.

अन्नपाणी सोडलेला, बोलणे बंद झालेला, जीव द्यायला निघालेला रुग्ण गोळ्यांचा गुण येईपर्यंत आठवडे काढू शकत नाही. अशा वेळी हा उपचार शेवटचा म्हणून मागे ठेवणे चूक ठरते.

डोके दुखते, जाग आल्यावर थोडा वेळ गोंधळ उडतो. विसराळूपणाची तक्रार मात्र खरी आहे आणि ती घरच्यांना आधीच सांगायला हवी: त्या आठवड्यांतल्या आणि आधीच्या काही महिन्यांतल्या आठवणी पुसट होतात. बऱ्याच परत येतात, काही येत नाहीत. शॉक संपल्यावर गोळ्याही बंद केल्या, तर निम्म्याहून अधिक रुग्णांचा आजार सहा महिन्यांत उलटतो.