सागरी गोगलगायींचे फोटो: मराठवाड्यातून मालवणच्या पाण्यात

मराठवाड्याच्या आठपैकी एकाही जिल्ह्याला समुद्र नाही. इथली पोरं पोहायला शिकली ती विहिरीत, पाठीला डबा बांधून. तरी संभाजीनगर, लातूरकडचे हौशी डायव्हर दिवाळी झाली की मालवण किंवा कर्नाटकातलं नेत्राणी बेट गाठतात आणि खडकाला नाक लावून बोटाएवढ्या रंगीत गोगलगायी शोधतात.

या प्राण्यांचा अभ्यास जुना आहे. एका ब्रिटिश अधिकाऱ्याने कोरोमंडल किनाऱ्यावर जमवलेल्या नमुन्यांची वर्णनं १८६४ मध्ये लंडनला छापली गेली. पण नमुना स्पिरिटमध्ये पडला की रंग उडतो, अंग आक्रसतं. म्हणून जिवंत प्राण्याच्या फोटोला इतकं मोल. फिल्मच्या काळात हे खर्चिक काम होतं: ३६ फोटो संपले की वर यायचं. डिजिटल कॅमेरा आणि हाउसिंग (कॅमेऱ्याची पाणबंद पेटी) आवाक्यात आल्यावर खरी गर्दी झाली. पाच-सात मीटर खाली लाल रंग जवळपास विझतो, त्यामुळे स्ट्रोब, म्हणजे पाण्याखालचा फ्लॅश, लागतोच. फोकस धरायचा डोक्यावरच्या दोन शिंगांवर. पाठीवर कल्ल्यांचा तुरा असेल, तर जरा धक्का लागताच तो आत ओढला जातो आणि फोटो गेला.

मालवणच्या या पाण्यावरून खरा वाद आहे तो १९८७ चा. त्या वर्षी मालवणचा सुमारे २९ चौरस किलोमीटर समुद्र अभयारण्य जाहीर झाला. त्यातला तीनेक चौरस किलोमीटरचा गाभा सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या भोवतीचा. म्हणजे जिथे पिढ्यान्‌पिढ्या जाळी पडत आली, नेमका तोच भाग. मच्छीमारांनी विरोध केला. पोटावर पाय येणार असेल तर कोण गप्प बसेल? सरकारची बाजू अशी की प्रवाळ आणि माशांची पिल्लं वाचवायची तर कुठेतरी रेघ मारावीच लागते. ते खरंही आहे. पण जाळ्याकडे बोट दाखवणाऱ्यांना पर्यटकांच्या होड्यांचे नांगर आणि प्रवाळावर उभे राहणारे पाय फारसे दिसले नाहीत. आम्ही फोटोवालेही त्यात आलो. चांगल्या अँगलसाठी गोगलगाय उचलून दुसऱ्या खडकावर ठेवणारे महाभाग आहेतच.

पुढे डायव्हिंगचा धंदा वाढला, सरकारी प्रशिक्षण केंद्रही तारकर्लीत उभं राहिलं. काल जाळी ओढणाऱ्या घरांतली मुलं आज गाइड आहेत. कुठल्या खडकावर कुठला स्पंज (खडकाला चिकटून राहणारा सागरी जीव), त्यावर कुठली गोगलगाय चरते, हे त्यांना तोंडपाठ. अभयारण्याचा विषय निघाला की मात्र त्यांच्याही घरात अजून दोन मतं पडतात.