मिरजेचा कान

विसर्जन मिरवणूक संपली की दरवर्षी तोच वाद. आवाज मोजणाऱ्या मीटरवर आकडा किती आला, कुठल्या मंडळावर गुन्हा दाखल झाला. ज्याच्या खिडकीची तावदानं रात्रभर खडखडली, त्याला त्या आकड्याशी देणंघेणं नसतं. त्याची झोप गेलेली असते आणि चिडचिड पुढं चार दिवस पुरते. आवाज आणि मन यांचं नातं डेसिबलमध्ये का मावत नाही, हे पाहायला मिरजेइतकं सोयीचं गाव नाही.

शस्त्रं घडवणारी शिकलगार मंडळी 19व्या शतकात इथं तंतुवाद्यांकडं वळली. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. जवारी काढणारा, म्हणजे तारेचा झंकार जुळवणारा, कारागीर एकदा जवळून पाहावा. तारा ज्यावर टेकतात त्या घोडीवर कानस हलकेच फिरवायची, तारेखाली सुती धागा सरकवायचा, तार छेडायची आणि मान तिरकी करून ऐकत राहायचं. धागा केसभर हलला तरी झंकार मुका होतो. बाहेर ट्रकचा हॉर्न किंचाळला की हात थांबतो. तो विरेपर्यंत कामच होत नाही.

याच गावात 1894 पासून वानलेस हॉस्पिटल आहे आणि मागोमाग वाढत गेलेले दवाखाने. 1937 मध्ये गेलेल्या गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ इथंच मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात रात्र रात्र गाणं चालतं. त्या गाण्याबद्दल कुणी कुरकुरल्याचं निदान माझ्या कानावर आलेलं नाही. म्हणजे रात्रीचा आवाज आपोआप त्रासाचा होतो असं नाही.

कायद्याला मात्र आकडाच धरावा लागतो. 1981 च्या हवा प्रदूषण कायद्यात ‘आवाज’ हा शब्द 1987 च्या दुरुस्तीनं आला. 2000 साली ध्वनिप्रदूषणाचे नियम झाले: निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45, रुग्णालय, शाळा आणि न्यायालयांभोवती जाहीर केलेल्या किमान 100 मीटरच्या शांतता क्षेत्रात 50 आणि 40. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद, सणासुदीला मोजके दिवस बारापर्यंत सूट. सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये यावर शिक्कामोर्तब केलं. शांतता क्षेत्राची ही वर्तुळं मिरजेच्या नकाशावर काढून पाहा, कितीतरी एकमेकांवर चढतील.

मोजमापातही एक गोम आहे. नियमांतला आकडा ‘ए’ भारांकनाचा, म्हणजे माणसाचा कान जसं ऐकतो तसं मोजणारा. त्यात खर्जातल्या आवाजाला कमी वजन मिळतं. डॉल्बीची सगळी मिजास तर त्याच खर्जावर! ठोका भिंतीतून आरपार येतो, छातीत बसतो, आणि मीटर त्याची पुरती दखल घेत नाही.

मनाचा भाग यापुढचा. अचानक आलेल्या आवाजाला शरीर धोका समजतं, नाडी वाढते, ताणाची संप्रेरकं सुटतात; झोपेतसुद्धा. पण 1970 च्या सुमारास डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांना एक वेगळीच गोष्ट दिसली. एकाच गोंगाटात बसवलेल्या माणसांपैकी काहींच्या हाताशी आवाज बंद करण्याचं बटण ठेवलं होतं. बहुतेकांनी ते दाबलंच नाही. तरीही नंतरच्या कामात ते बटण नसलेल्यांपेक्षा कमी वैतागले आणि अधिक चिकाटीनं टिकले. मिरवणुकीत नाचणाऱ्या पोराच्या आणि पलीकडच्या वॉर्डातल्या रुग्णाच्या कानावर एकच ठोका पडतो. पोराला कंटाळा आला तर तो घरी जाऊ शकतो. रुग्णाने कुठं जायचं?

सांगली जिल्ह्यातच, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावात, 2022 पासून रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो. भोंगा काही गोड आवाज नव्हे. तरी तो वाजला की घरोघरी टीव्ही आणि मोबाईल बंद होतात, पोरं अभ्यासाला बसतात, कारण हे गावानंच बसून ठरवलंय. गल्लीत भांड्यांचा, पाढ्यांचा, गोठ्यातल्या घंटेचा आवाज तेवढा राहतो, साडेआठपर्यंत.