‘ताई’ आणि ‘तायी’: बेळगावच्या बाजारातली एक हाक

बेळगावच्या गणपत गल्लीत एखाद्या विक्रेत्याने ‘ताई’ अशी हाक मारली, तर तिचा अर्थ त्याच्या घरची भाषा कोणती यावर ठरतो. तो मराठी असेल, तर त्याने समोरच्या बाईला थोरली बहीण म्हटलेले असते. कन्नड असेल, तर आई म्हटलेले असते. कन्नडमध्ये ‘तायी’ म्हणजे आई. कन्नड लिपीत त्यांचा शेवटचा स्वर ऱ्हस्व आणि मराठीत आपला दीर्घ असतो. पण हाक मारताना स्वर लांबतोच, आणि मग दोन्ही शब्दांत कानाला फरक उरत नाही. ‘तायनुडी’ म्हणजे मातृभाषा आणि कर्नाटक राज्योत्सवात मिरवली जाणारी ‘तायी भुवनेश्वरी’ म्हणजे भुवनेश्वरी माता, हे येथील बहुतेक मराठी माणसांना ठाऊक असते. तरीही बाजारात हाक कानावर पडली की आपण ती आपल्याच भाषेत ऐकतो.

घोळ या एका शब्दापुरता नाही. मराठीत ‘आई’ म्हणजे जन्मदात्री, तर उत्तर कर्नाटकाच्या बोलीत ‘आयी’ म्हणजे आजी. ‘आयी’ आणि ‘मुत्त्या’ ही तिथली आजी-आजोबांची जोडी. म्हणजे आपल्याकडची बहीण त्यांच्याकडे आई होते आणि आपली आई त्यांच्याकडे आजी होते. भाषा बदलली की बाई एका पिढीने वर चढते, आणि हे चढणे प्रत्येकीला रुचतेच असे नाही.

मराठी ‘ताई’चे मोठे सुख असे, की ती वय झाकते. कॉलेजातली मुलगी ताई, साठीची ग्राहक ताई, आणि नावाला जोडली की पुढारी बाईही ताई. थोरली बहीण म्हटले की मान मिळतो, पण म्हातारपण पदरात पडत नाही. कन्नड ‘तायी’ वय झाकत नाही आणि, खरे पाहता, मोजतही नाही. बाप आपल्या दहा वर्षांच्या लेकीलाही लाडाने ‘तायी’ म्हणतो, आणि कुणी फारच छळले तर आपण ‘बस कर माझे आई’ म्हणतो तसे तेही ‘तायी’ म्हणून हात जोडतात. हा शब्द बाईचे वय सांगत नाही, तिला एक जागा देतो. अडचण एवढीच, की ही जागा ज्या बाईला दिली जाते तिला ती हवी आहे का, हे कुणी विचारत नाही.

कर्नाटक राज्यातील महिलांना सरकारी बसमधून मोफत प्रवास देणारी शक्ती योजना 11 जून 2023 रोजी सुरू झाल्यापासून ही हाक रोज ऐकू येते, कारण शून्य रुपयांचे तिकीट देण्याआधी वाहकाला प्रत्येक बाईचे ओळखपत्र पाहावे लागते. खानापूरहून येताना मी आणि माझी आई एका बाकावर होतो व शेजारी एक तरुण कन्नड शिक्षिका बसली होती. पिकल्या केसांचा वाहक आला आणि आम्हा तिघींकडे पाहून म्हणाला, “तायी, आधार तोरस्री,” म्हणजे आधार कार्ड दाखवा. अडुसष्ट वर्षांची माझी आई खुलली, आपल्याला बहीण म्हटले असेच तिने ऐकले होते. शिक्षिका मात्र कार्ड काढता काढता माझ्याकडे वळून मराठीत पुटपुटली, “ह्यांना मी आई दिसते का हो?” एकाच शब्दाने एकीचे वय उतरवले होते आणि दुसरीचे चढवले होते. वाहकाच्या मनात मात्र तिघींविषयीही सारखाच आदर होता, असे मला त्याच्या स्वरावरून वाटले. हीच शिक्षिका शाळेत दिवसभर ‘अक्कोर’ म्हणवून घेते, म्हणजे अक्का अधिक आदरार्थी बहुवचन. त्याचे तिला काहीच वाटत नाही, जसे मराठी शाळेतल्या शिक्षिकेला ‘बाई’ या हाकेचे वाटत नाही. (‘बाई’ची गोष्ट वेगळीच. आपल्याकडे ती जिजाबाई-अहिल्याबाईंपासून धुण्याभांड्याच्या बाईपर्यंत सगळ्यांना पुरते, आणि कन्नडमध्ये ‘बायि’ म्हणजे तोंड.)

या गोंधळातून वाट काढायला जाणते विक्रेते ‘अक्का’ म्हणतात. हा शब्द दोन्ही भाषांत थोरल्या बहिणीचाच आहे; बाराव्या शतकातील वचने रचणाऱ्या कन्नड संतकवयित्री अक्कमहादेवींच्या नावातही तोच आहे. वयाचा हिशेब येथेही काटेकोर नसतो, कारण सत्तरीची भाजीवाली माझ्यासारख्या चाळिशीतल्या गिऱ्हाइकाला बेलाशक अक्का म्हणते. तरीही काही मराठी तरुणींना ‘अक्का’ हा शब्द गावंढळ वाटतो आणि ‘ताई’ शहरी वाटते. ‘आंटी’बद्दल मात्र दोन्ही भाषांतील बायकांचे एकमत आहे: नको.

माझ्या मते बाईच्या मनाला खरे लागते ते नाते नव्हे, तर नात्यामागून येणारे क्रियापद. कन्नडमध्ये ‘बर्री’ म्हणजे या आणि ‘बा’ म्हणजे ये. ज्या मराठी बाईला एवढे कन्नड कळते, ती ‘तायी, बा’ ऐकून दुखावते. ताईला कुणी अनोळखी माणसाने ‘ये’ म्हणावे, हे तिला पटत नाही. पण शब्दाचा अर्थ आई असा धरला, तर ते एकेरी बोलणे अपमानाचे राहत नाही. मागच्या महिन्यात एका भाजीवाल्याने माझ्या आईला असेच ‘तायी, बा’ म्हणून बोलावले, तेव्हा बसमधला किस्सा मी तिला उलगडून सांगितलेला असूनही ती थबकली आणि म्हणाली, “ताई म्हणतोस आणि वर एकेरी बोलतोस?” तो मेथीची जुडी झटकत मोडक्या मराठीत म्हणाला, “आईला कोण अहो-जाहो करतंय?” आईने दोन जुड्या घेतल्या आणि भाव केला नाही.