इम्पॅक्ट फॅक्टर जर्नलचा, एच-इंडेक्स तुमचा

पुण्यातल्या एका मेडिकल कॉलेजच्या ग्रंथालयात मी काम करते. प्रमोशनचे अर्ज निघाले की सर्जरीची मंडळी ऑपरेशन थिएटरमधलं काम आटोपून माझ्या टेबलापाशी येतात आणि म्हणतात, "मॅडम, माझा इम्पॅक्ट फॅक्टर काढून द्या ना." दरवर्षी मी तेच सांगते: सर, तुम्हाला इम्पॅक्ट फॅक्टर नसतो. तो जर्नलला, म्हणजे शोधनिबंध छापणाऱ्या नियतकालिकाला असतो.

त्याचं गणित बहुतेकांना पाठ असतं. जर्नलने मागच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांना यंदा मिळालेली सायटेशन्स (म्हणजे इतरांच्या लेखांत आलेले त्यांचे संदर्भ), भागिले त्या लेखांची संख्या. साठच्या दशकात यूजीन गारफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा आकडा वापरात आणला, तो सायटेशन-सूचीत कोणती जर्नल्स घ्यायची हे ठरवायला. माणसं निवडायला नव्हे.

गोंधळ होतो तो पुढे. ५ इम्पॅक्ट फॅक्टरच्या जर्नलमध्ये पेपर आला म्हणजे आपल्या पेपरला पाच सायटेशन्स मिळणार, किंवा आपलं काम तेवढ्या मोलाचं, असं धरलं जातं. पण ही सरासरी आहे, आणि सायटेशन्स कधीच सारखी वाटली जात नाहीत. ॲक्टा क्रिस्टलोग्राफिका, सेक्शन ए हे स्फटिकशास्त्राचं जर्नल बघा. २००८ साली त्याचा इम्पॅक्ट फॅक्टर २ च्या आसपास होता, २००९ साली तो जवळपास ५० वर गेला. कारण एकच: जॉर्ज शेल्ड्रिक यांचा २००८ मधला एक पेपर, ज्याला हजारो सायटेशन्स मिळाली. त्याच जर्नलमध्ये त्याच काळात छापून आलेल्या बाकीच्यांच्या कामात तसूभरही फरक पडला नव्हता, तरी त्यांच्या नावापुढे ५० लिहिता आलं असतं. म्हणूनच बायोडेटात सगळ्या जर्नल्सचे इम्पॅक्ट फॅक्टर एकत्र करून 'एकूण इम्पॅक्ट फॅक्टर १८.४' असं लिहिलेलं दिसलं की माझा जीव तुटतो. चांगल्या सर्जनने स्वतःच्या नावावर परक्याचे मार्क का लावावेत?

एच-इंडेक्स मात्र खरंच तुमचा. भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी तो २००५ साली मांडला: तुमच्या किती पेपरना किमान तितकीच सायटेशन्स मिळाली, तो आकडा. पेपर सायटेशन्सच्या उतरत्या क्रमाने लावा: समजा ३०, १२, ९, ५, ४, २. चौथ्या पेपरला ५ आहेत, म्हणजे चार पेपर 'किमान चार'वाले झाले. पाचव्याला ४ च, तिथे थांबायचं. एच-इंडेक्स ४. पहिल्या पेपरला ३० ऐवजी ३०० असती तरी ४ च. हा आकडा कधी कमी होत नाही, त्यामुळे तो वयाला झुकतं माप देतो. तरुण असिस्टंट प्रोफेसरची ज्येष्ठ प्रोफेसरांशी तुलना करायचीच असेल तर पहिल्या पेपरपासूनच्या वर्षांनी भागा. आणि हर्नियाच्या सर्जनला ऑन्कोलॉजिस्टच्या, म्हणजे कर्करोगतज्ज्ञाच्या, शेजारी उभं करू नका, दोन्ही शाखांत सायटेशन्सचा ओघच वेगळा.

प्रमोशनच्या २०२२ च्या नियमांत या दोन्हींना स्थान नव्हतं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या त्या नियमांत (२०२५ साली त्यांच्या जागी नवे आले) पेपर किती, जर्नल 'इंडेक्स्ड', म्हणजे मान्य सूचीत आहे का, आणि तुम्ही पहिल्या तीन लेखकांत किंवा कॉरस्पॉन्डिंग ऑथर (पेपरबद्दलचा पत्रव्यवहार सांभाळणारा लेखक) आहात का, हे विचारलं होतं. इथला 'इंडेक्स्ड' म्हणजे सूचीतला. एच-इंडेक्सशी त्याचा संबंध नाही.

तरी निवड समितीसाठी आकडा लिहायचाच असेल तर एच-इंडेक्स लिहा, आणि शेजारी तो 'स्कोपस' की 'गूगल स्कॉलर' यांपैकी सायटेशन्स मोजणाऱ्या कोणत्या सेवेवरून घेतला ते आणि तारीख टाका. एकाच सर्जनचा आकडा गूगल स्कॉलरवर बहुधा जास्त दिसतो, कारण तिथे प्रबंधांसारखं साहित्यही मोजलं जातं. मी स्वतः स्कोपसचाच देते.