पेनड्राइव्ह बूट का होत नाही?

लिनक्सची आयएसओ फाइल (अख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रत) डाउनलोड केली, पेनड्राइव्हवर कॉपी केली, संगणक रीस्टार्ट केला, आणि समोर पुन्हा विंडोजच. मग बहुतेक जण पेनड्राइव्हच खराब ठरवून दुसरा आणतात. खरं तर तो बहुधा धडधाकट असतो. सुरू होताना संगणक जिथे पाहतो, तिथे मात्र त्याच्या कामाचं काहीच नसतं.

संगणक सुरू होताच सर्वांत आधी चालतं ते त्याचं फर्मवेअर, म्हणजे मदरबोर्डवरचा मूळ प्रोग्रॅम. त्याच्या जुन्या प्रकाराला, बायोसला, फाइल, फोल्डर काही कळत नाही. तो ड्राइव्हचे पहिले ५१२ बाइट तेवढे उचलतो. त्यातल्या ४४६ बाइटांत एक चिमुकला प्रोग्रॅम असतो, पुढच्या ६४ बाइटांत पार्टिशनांची, म्हणजे ड्राइव्हच्या भागांची, नोंद आणि शेवटच्या दोन बाइटांत ठरलेली खूण. नवं यूईएफआय अधिक जाणतं. ते फॅट पद्धतीचं (फॅट ही फाइली मांडण्याची एक जुनी, सोपी पद्धत) पार्टिशन शोधून त्यातल्या ‘ईएफआय’ फोल्डरमध्ये, ‘बूट’ या उपफोल्डरमध्ये ठरावीक नावाची फाइल पाहतं. नुसती कॉपी केलेली आयएसओ या दोघांच्याही उपयोगाची नाही.

यातला मला सर्वांत सुंदर वाटणारा भाग सीडीच्या काळातला आहे. आयएसओ ९६६० हे सीडीसाठीचं मानक १९८८ सालचं. त्यात सुरुवातीचे १६ सेक्टर (डिस्कवरचे ठरावीक मापाचे तुकडे), म्हणजे ३२,७६८ बाइट, मोकळे सोडलेले आहेत. पुढे लिनक्सवाल्यांनी याच मोकळ्या जागेत बायोसला हवे असलेले ते पहिले ५१२ बाइट बसवले. म्हणून आज एकच आयएसओ डीव्हीडीवरूनही बूट होते आणि पेनड्राइव्हवरूनही. अट एकच: ती पहिल्या बाइटापासून जशीच्या तशी ड्राइव्हवर उतरली पाहिजे. लिनक्समधली ‘डीडी’ आज्ञा किंवा विंडोजवरच्या रूफस या प्रोग्रॅममधला डीडी मोड हेच करतो. लिहून झाल्याचं दिसलं तरी काही डेटा अजून रॅममध्येच रेंगाळत असू शकतो, त्यामुळे ‘सिंक’ आज्ञा दिल्याशिवाय किंवा इजेक्ट केल्याशिवाय पेनड्राइव्ह ओढू नका. आणि लिहिण्याआधी फाइलचा शा-२५६ चेकसम (तिच्यातल्या डेटावरून काढलेला ठसा) लिनक्सच्या त्या वितरणाने (उबुंटू, डेबियन वगैरे) दिलेल्या चेकसमशी ताडून बघा. अर्धवट डाउनलोड तिथेच उघडं पडतं.

एवढं करूनही अडलं, तर कुठवर पोचलो हे आधी पाहावं. बूट मेनूत, म्हणजे कशावरून सुरू करायचं ते विचारणाऱ्या यादीत, पेनड्राइव्हचं नावच नसेल तर लिहिण्यात चूक आहे किंवा पोर्ट बदलून पाहायला हवा. नाव निवडल्यावर सुरक्षेचा इशारा आला, तर तो सिक्युअर बूटचा, म्हणजे मान्य सही नसलेलं काही सुरू न होऊ देणाऱ्या तपासणीचा, अडसर. उबुंटू आणि २०१९च्या दहाव्या आवृत्तीपासून डेबियन या तपासणीतून सहसा पार होतात. आर्च या वितरणाच्या अधिकृत आयएसओसाठी मात्र सिक्युअर बूट बंद करावं लागतं. ग्रबचा, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमचा, मेनू दिसला की फर्मवेअरचं काम झालं, आता सेटिंगमध्ये जाऊन बायोसला दोष देण्यात अर्थ नाही. त्यानंतर पडदा काळा पडला, तर संशय ग्राफिक्सवर घ्यावा: मेनूत ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ (nomodeset) जोडा आणि एफ१० दाबा.

इन्स्टॉल झाल्यावर तोच पेनड्राइव्ह विंडोजला लावला, तर ६४ जीबीच्या जागी काही एमबीच दिसू शकतात. घाबरू नका. विंडोजला त्यातलं फक्त छोटं फॅट पार्टिशन वाचता येतं. विंडोजच्याच डिस्कपार्ट या प्रोग्रॅममध्ये ‘क्लीन’ ही आज्ञा देऊन नवं पार्टिशन बनवलं की सगळी जागा परत मिळते. फक्त ड्राइव्हचा क्रमांक दोनदा तपासा, कारण ही आज्ञा हार्ड डिस्कवर चालली तर तीही तितक्याच झटपट रिकामी दिसू लागते.