पाचशे पन्नास ते एक हजार : प्रोसेसरमध्ये राखून ठेवलेला वेग

६ नोव्हेंबर २००९ रोजी अमेरिकेत मोटोरोला ड्रॉइड विक्रीला आला. अँड्रॉइड २.० घेऊन आलेला हा पहिला फोन. सरकवून उघडायचा कीबोर्ड, ३.७ इंची स्क्रीन, २५६ एमबी रॅम आणि आत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची ओमॅप ३४३० ही चिप. चिप ६०० मेगाहर्ट्झपर्यंत चालणारी, पण मोटोरोलाने तिची कमाल मर्यादा ५५० ठेवून फोन बाजारात आणला. पुढे हौशी मंडळी हाच फोन रूट करून, म्हणजे त्याच्या सॉफ्टवेअरवर पूर्ण ताबा मिळवून, ८०० वर, १००० वर, आणि काही जण त्याच्याही वर चालवू लागली. चिप तीच, बॅटरी तीच, बदललं ते फक्त सॉफ्टवेअर.

मग हा जवळजवळ दुप्पट वेग आधी होता कुठे? कंपन्या चांगला माल मुद्दाम दाबून ठेवतात, असं उत्तर यावर हमखास मिळतं. मला ते पटत नाही. ड्रॉइडच्या चिपचे आकडे उघड आहेत, आणि ते नीट वाचले की कंपनी ५५० वर का थांबली असेल याचा बराच उलगडा होतो.

आधी ‘मेगाहर्ट्झ’ म्हणजे काय ते पाहू. प्रोसेसरच्या आत एक घड्याळ असतं. क्वार्ट्झचा एक छोटा स्फटिक सेकंदाला काही दशलक्ष ठोके देतो आणि चिपमधलं एक सर्किट त्या ठोक्यांना गुणून त्यांचे शेकडो दशलक्ष करतं. ५५० मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ५५ कोटी ठोके. दोन ठोक्यांमध्ये वेळ मिळतो १.८ नॅनोसेकंद. तेवढ्यात विजेचा संकेत एकामागोमाग एक अशा अनेक ट्रान्झिस्टरांतून पार होऊन पलीकडच्या टोकाला पोचला पाहिजे आणि तिथे स्थिरावलाही पाहिजे. ठोका पडला की पलीकडे जे काही असेल तेच उत्तर म्हणून टिपलं जातं. परीक्षेत शेवटची घंटा झाली की पर्यवेक्षक उत्तरपत्रिका काढून घेतात, गणित सुटलेलं असो वा अर्धवट असो, तसंच हे. चिपमध्ये असे असंख्य मार्ग असतात आणि त्यांतला सर्वांत लांब मार्ग सगळ्या चिपचा वेग ठरवतो. बाकीचे कितीही चपळ असले तरी उपयोग नाही.

ठोके जवळजवळ आणायचे तर संकेत जलद धावला पाहिजे. ट्रान्झिस्टर जलद करायचा सोपा उपाय म्हणजे व्होल्टेज, अर्थात विजेचा दाब, वाढवणं. प्रत्येक ट्रान्झिस्टरच्या तोंडाशी विद्युतभार साठवणारी एक चिमुकली जागा असते. ती भरली की ट्रान्झिस्टर चालू, रिकामी झाली की बंद. दाब जास्त असेल तर भरणं-रिकामं होणं लवकर उरकतं. पण दर वेळी भरण्यात जी ऊर्जा खर्च होते ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि हे सेकंदाला किती वेळा करायचं ते ठोक्यांवर ठरतं. म्हणून खर्च होणारी वीज म्हणजे वेग गुणिले व्होल्टेजचा वर्ग. अख्ख्या ओव्हरक्लॉकिंगचं, म्हणजे ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वेगाने चिप चालवण्याचं, अर्थशास्त्र या एका गुणाकारात आहे.

आता ओमॅप ३४३० चा तक्ता बघा. अँड्रॉइड ज्या लिनक्स प्रणालीवर उभं आहे तिचा गाभा म्हणजे कर्नल, आणि त्याच्या सोर्स कोडमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या मूळ मजकुरात, तो छापलेला आहे. १२५ मेगाहर्ट्झला ०.९७५ व्होल्ट, २५० ला १.०७५, ५०० ला १.२०, ५५० ला १.२७ आणि ६०० ला १.३५ व्होल्ट. पहिल्या पायरीवरून दुसरीवर जाताना वेग दुप्पट होतो आणि व्होल्टेज वाढतं फक्त दशांश व्होल्टने. शेवटच्या पायरीवर मात्र वेग वाढतो जेमतेम ९ टक्के आणि त्यासाठी व्होल्टेज ०.०८ ने चढवावं लागतं. गुणाकार करून पाहा: ५५० वरून ६०० वर जाताना विजेचा खर्च वाढतो सुमारे २३ टक्के. नऊ टक्के वेगासाठी तेवीस टक्के वीज! सुमारे १४०० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीवर दिवस काढणाऱ्या फोनसाठी हा सौदा मीही केला नसता.

याच तक्त्यात मला त्याहून मोलाची वाटणारी आणखी एक गोष्ट आहे. समजा एका कामाला दहा कोटी ठोके लागतात. ते १२५ वर करा किंवा ६०० वर करा, ठोके तेवढेच. पण ६०० वर प्रत्येक ठोक्याला लागणारी ऊर्जा जवळजवळ दुप्पट असते, कारण १.३५ आणि ०.९७५ यांच्या वर्गांचं गुणोत्तर १.९ च्या आसपास येतं. म्हणजे तेच काम, तेच उत्तर, फक्त घाई केली म्हणून दुप्पट ऊर्जा. प्रत्यक्षात काम लवकर संपलं की चिप लवकर झोपते आणि थोडी बचत होते, हे खरं. पण ती बचत व्होल्टेजच्या वर्गाची बरोबरी सहसा करू शकत नाही.

हे सगळं फोनमध्ये बदलायचं कसं? इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. फोन रूट केला, ॲप टाकलं की वेग वाढवता येतो, असं लोकांना वाटतं. रूट म्हणजे फोनवरचा मालकी हक्क, एवढंच. त्या हक्काने प्रोसेसरच्या वेगाची कमाल मर्यादा सांगणारी फाइल उघडता येते. अँड्रॉइड हे लिनक्सवर उभं असल्यामुळे ही मर्यादा चक्क एका मजकुराच्या फाइलीसारखी दिसते. ड्रॉइडवर तीत आकडा होता ५५००००, कारण हिशेब किलोहर्ट्झमध्ये. त्या काळचं सेटसीपीयू हे ॲप मुख्यतः हेच करायचं: स्क्रीनवरची पट्टी बोटाने सरकवायची आणि ॲपने त्या फाइलीत नवा आकडा लिहायचा. पण तक्त्यात नसलेला आकडा लिहिला तर कर्नल तो मानत नाही. १००० हवे असतील तर तक्ताच बदलायला हवा, म्हणजे कर्नल नव्याने बांधून फोनमध्ये घालायला हवा.

ड्रॉइडच्या बाबतीत ते जमलं, कारण लिनक्सच्या परवान्यानुसार कर्नलचा सोर्स कोड खुला करावा लागतो, आणि त्या फोनचा बूटलोडर, म्हणजे फोन चालू होताना कर्नल उचलून सुरू करणारा छोटा प्रोग्राम, परकं कर्नल स्वीकारत होता. लोकांनी एकाच वेगाची वेगवेगळ्या व्होल्टेजची कर्नलं बांधली: लो व्होल्टेज, मीडियम, स्टँडर्ड. याच फोनचं भाऊबंद मॉडेल अमेरिकेबाहेर माइलस्टोन नावाने आलं, भारतातही ते विकलं गेलं. त्याचा बूटलोडर मात्र कुलूपबंद, कंपनीची डिजिटल सही नसलेलं कर्नल तो उचलतच नसे. तिथे एक सुंदर युक्ती निघाली. कर्नल बदलता येत नाही ना? मग ते चालू असताना त्यात एक छोटं मॉड्यूल घालायचं आणि मॉड्यूलने मेमरीत बसलेल्या तक्त्यातले आकडे जागच्या जागी बदलायचे. फोन बंद करून चालू केला की सगळं पूर्ववत. कुलपाला हात न लावता घरातलं सामान हलवण्याच्या या कल्पकतेचं मला आजही फार कौतुक वाटतं.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ६०० ची चिप १००० वर कशी काय चालली? कारण ६०० हा आकडा त्या एका चिपचा नव्हताच. तो त्या मॉडेलच्या सगळ्या चिपांना दिलेला शब्द होता. एकाच सिलिकॉन चकतीवरच्या चिपाही एकसारख्या निघत नाहीत. कुठे थर काही अणूंनी जाड, कुठे रेघ किंचित बारीक, आणि तेवढ्याने ट्रान्झिस्टरचा वेग बदलतो. त्यांतल्या सर्वांत मंद पण पास झालेल्या चिपनेही ६०० गाठायला हवेत. तेही चंद्रपुरात मे महिन्यातल्या दुपारी पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा, आणि बॅटरी दोन वर्षांनी थकलेली असतानाही. शिवाय चिपमधले बरेच भाग एकदम जागे झाले की आतलं व्होल्टेज क्षणभर खाली डुबतं, त्या डुबकीतही उत्तर चुकता कामा नये. वर्षानुवर्षांच्या वापराने ट्रान्झिस्टर थोडे सुस्तावतात, त्याचीही तजवीज हवी. या सगळ्यासाठी राखून ठेवलेली जागा म्हणजे तो ‘दडवलेला’ वेग. ओव्हरक्लॉक करणारा माणूस ती जागा वापरतो. त्याची चिप चांगली निघाली, हवा थंड असली, बॅटरी नवी असली, तर त्याला ती फुकट मिळाल्यासारखी वाटते.

यातला खरा धोका लोकांना वाटतो तो नाही. फोनमधून धूर येईल ही भीती बहुतेक वेळा अनाठायी असते, कारण चिप फार तापली की ती स्वतःच बंद पडते. फोन अडकला, आपोआप बंद-चालू झाला, तर तेही परवडलं, निदान कळतं तरी. भीती बाळगावी ती न दिसणाऱ्या चुकीची. सर्वांत लांब मार्गावरचा संकेत एखाद्याच वेळी, एखाद्याच गणितात उशिरा पोचतो, एका शून्याचा एक होतो आणि प्रोसेसर तसाच पुढे जातो. ती चूक फोटोतल्या एका ठिपक्यात झाली तर कुणाला पत्ताही लागत नाही. ती फाइलींची यादी लिहिताना झाली तर काही दिवसांनी फोल्डर उघडत नाही आणि कारण शोधून सापडत नाही. म्हणून तासभर गेम चालला म्हणजे वेग स्थिर आहे, असा निष्कर्ष काढणं चुकीचं. सेटसीपीयूमध्ये ‘फोन सुरू होताच हा वेग लावा’ अशी एक चौकट होती. पुरेशी चाचणी घेण्याआधी तिच्यावर खूण केली आणि वेग न पेलणारा निघाला, की फोन सुरू व्हायचा, कोसळायचा, पुन्हा सुरू व्हायचा, आणि सेटिंगपर्यंत पोचायची वाटच बंद.

उष्णतेचा हिशेब फोनमध्ये आणखी अवघड आहे. संगणकात पंखा लावता येतो, फोनला फक्त त्याची पाठ. हातात धरवेल इतपत गरम राहून फोन सतत जेमतेम तीन-चार वॅट बाहेर टाकू शकतो. ओमॅप ३४३० मध्ये तर रॅम प्रोसेसरच्या डोक्यावरच बसवलेली असते, म्हणजे प्रोसेसर तापला की रॅमही तापते. आणि ट्रान्झिस्टर तापला की तो बंद असतानाही त्यातून जास्त वीज झिरपते, त्या झिरपण्याने तो आणखी तापतो. शेवटी कर्नल वेग कमी करतं. दोन मिनिटं १००० वर आणि मग घसरून ६०० वर, यापेक्षा सलग ८०० बरा, हे ज्यांनी घड्याळ लावून मोजलं त्यांना लवकर कळलं.

झीज हा लांबचा मुद्दा. चिपमधल्या अतिसूक्ष्म तारांतून दाट प्रवाह गेला की इलेक्ट्रॉन धातूच्या अणूंना हळूहळू पुढे ढकलत नेतात आणि शेवटी तार तुटते. तारेचं आयुष्य प्रवाहाच्या घनतेवर आणि तापमानावर कसं अवलंबून असतं, याचं सूत्र १९६९ च्या सुमारास मोटोरोलाच्याच जेम्स ब्लॅक यांनी मांडलं. त्यात तापमानाचा परिणाम घातांकी आहे, म्हणजे थोडीशी वाढही आयुष्य बरंच घटवते. तरी दोन-तीन वर्षांत फोन बदलणाऱ्याला त्याची फारशी झळ बसत नाही.

आणि फायदा किती होत असे? ड्रॉइडवर १००० ला वेब पानं झरझर सरकायची आणि मेन्यू अडखळायचे थांबायचे, तो फरक डोळ्यांना दिसण्याजोगा होता. पण २५६ एमबी रॅम तेवढीच राहायची, त्यामुळे मागे ठेवलेलं ॲप परत उघडलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं. जिथे फोन मेमरीची किंवा नेटवर्कची वाट पाहत बसलेला असतो, तिथे जलद प्रोसेसर फक्त जलद वाट पाहतो.

मला स्वतःला या सगळ्या खटाटोपातला उलट्या दिशेचा प्रयोग अधिक शहाणपणाचा वाटतो: वेग तोच ठेवून व्होल्टेज कमी करणं, म्हणजे अंडरव्होल्टिंग. राखीव जागा तीच, पण ती वेगासाठी खर्च न करता बॅटरीसाठी वापरायची. ५५० ला १.२७ ऐवजी १.२० व्होल्ट पुरले तर त्या वेगावर सुमारे ११ टक्के वीज वाचते आणि फोन थंड राहतो. न दिसणाऱ्या चुकीचा धोका इथेही असतो, त्यामुळे चाचणी तितकीच कसोशीने घ्यावी लागते.

आजच्या फोनवर हा खेळ जवळजवळ संपला आहे. २०१८ च्या स्नॅपड्रॅगन ८४५ या फोनच्या चिपमध्ये वेग आणि व्होल्टेजचा तक्ता कर्नलच्या हातून काढून चिपमधल्याच एका नियंत्रकाकडे दिला गेला. कर्नल फक्त ‘अमुक क्रमांकाची पायरी लाव’ म्हणू शकतं, नवी पायरी घालू शकत नाही. दुसरीकडे बूटलोडर उघडला, फोन रूट केला की बँकेची आणि पैसे पाठवायची कितीतरी ॲप चालायला नकार देतात, आणि आपल्याकडे भाजीवाल्यालाही यूपीआयने पैसे द्यायचे असतात. कारखान्यात मात्र हेच काम राजरोस चालतं, चांगल्या निघालेल्या चिपा निवडून. २०१९ मध्ये स्नॅपड्रॅगन ८५५ चा मुख्य कोअर, म्हणजे त्यातला सर्वांत जलद प्रोसेसर, २.८४ गिगाहर्ट्झचा होता, त्याच वर्षीच्या ८५५ प्लसमध्ये तो २.९६ झाला. २०२३ च्या सॅमसंग गॅलॅक्सी एस २३ मध्ये स्नॅपड्रॅगन ८ जेन २ नेहमीच्या ३.२ ऐवजी ३.३६ गिगाहर्ट्झवर चालतो. वाढ पाच टक्क्यांची. तक्त्याच्या वरच्या टोकाला किती कमी जागा उरली आहे, ते या आकड्यावरून कळतं.

घरात जुना रूट केलेला फोन पडून असेल आणि तो बाळावर लक्ष ठेवणारा कॅमेरा म्हणून चोवीस तास चार्जरवर लावायचा असेल, तर त्याच मर्यादेच्या फाइलीत आकडा वाढवण्याऐवजी निम्म्यावर आणा. कॅमेऱ्याच्या कामाला तेवढा वेग बहुधा पुरतो, आणि सतत भरलेली बॅटरी गरम राहून फुगण्याची शक्यताही कमी होते. तरीही महिन्यातून एकदा फोनची पाठ सपाट आहे ना, हे हात फिरवून बघा. फुगवटा जाणवला तर फोन लगेच बंद करून चार्जरवरून काढा, दाबू किंवा टोचू नका, आणि ई-कचरा घेणाऱ्यांकडे सोपवा.