पाचूच्या भेगांतलं तेल

आमच्या आत्याची पाचूची अंगठी गेल्या दिवाळीआधी सराफाकडे साफ करायला दिली होती. सोनं लखलखीत होऊन आलं, पण खड्यात पांढऱ्या रेघांचं जाळं उठलेलं. आत्या म्हणाली, खडा बदलला. दुकानातला माणूस म्हणाला, तो आधीपासूनच तडकलेला होता. मी दहापट मोठं दाखवणारं भिंग लावून पाहिलं. खडा तोच होता. भेगाही जुन्याच होत्या, पण त्या आजवर कधी दिसल्या नव्हत्या, कारण त्यांच्यात तेल होतं. दागिने ध्वनिकंपनांनी साफ करणाऱ्या अल्ट्रासॉनिक यंत्रातल्या कोमट पाण्याने आणि कंपनांनी ते तेल बाहेर काढलं होतं.

पाचू घेणाऱ्याला ही एक गोष्ट आधी माहीत असायला हवी, असं मला फार वाटतं. बाजारातल्या बहुतेक पाचूंच्या भेगांत काहीतरी भरलेलं असतं. पूर्वापार ते सीडार झाडाचं तेल असायचं, आता कृत्रिम राळही वापरतात. भज्यांची पुडी आठवा. कागदाला तेल लागलं की तेवढा भाग आरपार दिसू लागतो. कोऱ्या कागदाच्या तंतूंमध्ये हवा असते, आणि तंतू व हवा यांच्यात प्रकाश वाकण्याचं प्रमाण इतकं वेगळं असतं की प्रकाश पुन्हा पुन्हा परावर्तित होतो आणि कागद पांढरा दिसतो. हवेच्या जागी तेल आलं की हा फरक कमी होतो. पाचूचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याचं माप, सुमारे 1.58, हवेचा 1 आणि सीडार तेलाचा साधारण 1.5. त्यामुळे तेल भरलेली भेग असते तिथेच, पण डोळ्याला दिसत नाही. पुढे तेल सुकलं, उष्णतेने पातळ होऊन निघालं किंवा साबणाने धुतलं गेलं, की ती पुन्हा उघडी पडते.

आता मुळात इतक्या भेगा का, हे बघायला जमिनीखाली जावं लागतं. पाचू हे बेरिल नावाचं खनिज. त्यात बेरिलियम, ॲल्युमिनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन असतात. शुद्ध बेरिल रंगहीन असतं. त्यात चिमूटभर क्रोमियम किंवा व्हॅनेडियम शिरलं तर पाचू होतो. अडचण अशी की बेरिलियम ग्रॅनाइटच्या घराण्यातलं, तर क्रोमियम पृथ्वीच्या कवचाखालच्या खोल थरातून, प्रावरणातून आलेल्या काळपट खडकांतलं. या दोघांची गाठ सहसा पडत नाही. झांबियात आणि आपल्या राजस्थानात अजमेर-उदयपूरच्या पट्ट्यात ती पडली, कारण ग्रॅनाइटी द्रव क्रोमियमवाल्या खडकांत घुसला. कोलंबियात वेगळंच घडलं. तिथे खारट गरम पाणी काळ्या शेलच्या, म्हणजे चिखल दाबला जाऊन झालेल्या खडकाच्या, थरांतून फिरलं आणि दोन्ही मूलद्रव्यं त्याच खडकातून धुऊन एकत्र आणली. तिथल्या चिवोर भागातले पाचू सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणजे साधारण आपला दख्खनचा लाव्हा वाहत होता त्याच काळातले. तो लाव्हा थिजून झालेल्या आपल्या बेसॉल्ट खडकाने मात्र पाचू दिला नाही. जळगाव-नाशिककडे त्याच्या पोकळ्यांत झिओलाइट नावाच्या खनिजांचे स्फटिक सापडतात, तेही फार सुंदर असतात.

अशा धकाधकीत वाढलेला स्फटिक निखळ राहणं कठीणच. वाढताना त्यात द्रवाचे थेंब अडकतात, सुयांसारखी इतर खनिजं अडकतात, मग भूकवचाच्या हालचालींनी तडे जातात. फ्रेंच लोक या आतल्या पसाऱ्याला ‘बाग’ म्हणतात, आणि भिंगाखाली ती खरोखर शेवाळासारखी दिसते. कोलंबियन पाचूत एक खास गोष्ट सापडते. करवती कडांची सूक्ष्म पोकळी, तिच्यात खारं पाणी, त्या पाण्यात वायूचा बुडबुडा आणि मिठाचा इवला चौकोनी दाणा. ज्या पाण्यात तो पाचू जन्मला, त्याचाच तो थेंब. मी तो पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकातून पाहिला तेव्हा बराच वेळ डोळा बाजूला घेऊ शकलो नाही.

रंगाचंही असंच नवल. माणकाला लाल करणारं क्रोमियमच पाचूला हिरवं करतं. बेरिलमध्ये क्रोमियमभोवतीच्या ऑक्सिजनची पकड माणकापेक्षा जराशी सैल असते. तेवढ्याने क्रोमियम शोषत असलेले रंग सरकतात आणि हिरव्याला वाट मोकळी होते.

कोलंबियाच्या पाचूशी आपलं नातं गोव्यामार्गे जुळलं. सोळाव्या शतकात स्पॅनिशांनी तिथल्या खाणी बळकावल्या, आणि पुढे ते खडे पोर्तुगीज व्यापारातून गोव्याला येऊन मुघल आणि दख्खनच्या दरबारांत पोचू लागले. सर्वांत देखण्या खड्यांना जवाहिरे ‘जुन्या खाणीचे’ म्हणत, ती खाण पूर्वेत कुठेतरी आहे असं मानून. 2000 साली फ्रेंच भूवैज्ञानिक गॅस्तों ज्युलियानी आणि सहकाऱ्यांनी ऑक्सिजनच्या समस्थानिकांचं, म्हणजे त्याच्या हलक्या-जड अणूंचं, प्रमाण मोजून हैदराबादच्या निजामाकडचे असे काही खडे तपासले. बहुतेक कोलंबियाचे निघाले, एक अफगाणिस्तानातल्या पंजशीरचा. तेव्हा आज कुणी ‘जुन्या खाणीचा पन्ना’ (पन्ना म्हणजे पाचूच) म्हणून भाव वाढवून सांगितला, तर त्या शब्दांना पैसे मोजू नका. रंग किती गहिरा आणि जिवंत आहे ते दिवसाच्या उजेडात, खिडकीशी जाऊन बघा. दुकानातल्या दिव्यांखाली सगळंच छान दिसतं.

घेताना माझा पहिला प्रश्न तेलाचा असतो: भरलेलं काय आहे आणि किती? तेल असणं ही फसवणूक नाही, ते न सांगणं ही फसवणूक आहे. चांगल्या प्रयोगशाळा प्रमाणपत्रावर भरणीचं प्रमाण लिहितात: नाही, किरकोळ, मध्यम, लक्षणीय. रंग आणि वजन सारखं असलं तरी या एका शब्दाने किंमत कितीतरी बदलते. हिरवा रंग घातलेलं तेल मात्र साफ नाकारा, ते खड्याचा रंगच खोटा सांगतं. मुंबईत जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडियासारख्या संस्था तपासणी करतात, जयपूरलाही सोय आहे. महाग खडा असेल तर कोंदणात बसवण्याआधी, सुटाच तपासून घ्या.

खडा निखळ, मोठा आणि स्वस्त असेल तर सावध व्हा. 1930च्या दशकात अमेरिकेत कॅरॉल चॅटम यांनी प्रयोगशाळेत पाचू वाढवला आणि पुढे तो व्यापाराचा भाग झाला. रसायनाच्या दृष्टीने तो पाचूच असतो, म्हणून नुसता कठीणपणा मोजून तो ओळखता येत नाही. ओळखतात ते आतल्या खुणांवरून, आणि ते तज्ज्ञाचंच काम. काच त्या मानाने सोपी, भिंगाखाली गोल बुडबुडे दिसतात. दुधाची परीक्षा मात्र सोडून द्या. ‘खरा पन्ना दुधात टाकला की दूध हिरवं दिसतं’ असं अनेकजण मनापासून सांगतात, पण बाटलीच्या हिरव्या काचेचा तुकडाही दुधात तेच करतो.

वजनाचा घोळ तर घरोघरी आहे. बुधासाठी सव्वापाच रत्तीचा खडा करंगळीत घालायला सांगितलेलं असतं. श्रद्धा ज्याची त्याची, पण रत्ती कुठली? रत्नांच्या बाजारात एक रत्ती सुमारे 0.91 कॅरेट धरतात, तर सोनाराची जुनी रत्ती जेमतेम 0.6 कॅरेट. म्हणजे सव्वापाच रत्ती कधी पावणेपाच कॅरेट, कधी सव्वातीन. भाव आणि वजन दोन्ही कॅरेटमध्येच लिहून घ्या. एक कॅरेट म्हणजे 200 मिलिग्रॅम, त्यात वाद नाही.

आणि हॉलमार्क सोन्याचा असतो, खड्याचा नाही. अंगठीवरचा शिक्का पाहून खड्याबद्दल निश्चिंत होणारे मी खूप पाहिले आहेत. बिलावर सोन्याचं निव्वळ वजन वेगळं आणि खड्याचं वेगळं हवं, शिवाय ‘नैसर्गिक पाचू’ हे शब्द आणि भरणीचा उल्लेखही. आत्याचं जुनं बिल आम्ही शोधून काढलं. त्यावर एवढंच होतं: ‘हिरवा खडा, 1 नग’.

तिचा खडा नंतर तपासून घेतला. नैसर्गिक निघाला, भरणी मध्यम. जयपूरच्या एका कारागिराकडून त्यात पुन्हा तेल भरून आणलं आणि रेघा विरल्या. आता कणीक मळायला बसली की ती अंगठी काढून फडताळातल्या वाटीत ठेवते, आणि साफ करायची झालीच तर नुसत्या ओल्या मऊ फडक्याने पुसते.